बैलांची कबर

पुतळा अप्पारावानं स्वतःच्या हातानं बांधला. पळसाची पानं त्यानं सकाळीच माळावरनं आणवली, काड्यांनी टाचली, त्यांना हात केले, पाय केले आणि वरनं धाकट्या भावाचं जुनं धोतर गुंडाळलं. एरवी नांगराचा फाळ निसटला तरी गड्याला हाक मारून बांधावर बसून राहणारा माणूस. त्या दिवशी त्याच्या बोटांना काय उरक आला होता!

माणूस मेला आणि प्रेत हाती लागलं नाही, तर पळसाचा पुतळा जाळायचा ही रीत. धाकट्या बंडेप्पाचं प्रेत दुबलगुंडीला कुठनं येणार? तो समुद्रापलीकडं, जर्मनीत. पण तो खरंच मेलाय का, हा साधा सवाल बापाच्या, काशाप्पाच्या घरात कुणी केला नव्हता. थोरल्या अप्पारावानं बीदरला पत्र वाचून घेतलं, येऊन सांगितलं आणि घर रडायला बसलं.

बंडेप्पाची बायको रेणुका रडली नाही. ती माजघराच्या उंबऱ्यात बसली होती आणि पुतळ्याकडं नाही, अप्पारावाकडं बघत होती. तिच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती, त्यात नवरा घरात होता अशी जेमतेम तीन. आधी तो शिकायला हैदराबादला गेला. मग मास्तरकी करायला राजमहेंद्रीकडं गेला आणि तिथल्या मिशनमध्ये लूथरन किरिस्ताव झाला. मिशननंच त्याला पुढं शिकायला जर्मनीला धाडलं. 'लूथरन' हा शब्द गावाच्या तोंडात बसेना. चहाड्या करणाऱ्याला आपल्याकडं लुतरा म्हणतात, तेवढाच लोकांना ओळखीचा वाटला. काशाप्पाचा धाकटा लुतरा झाला, असं गाव म्हणायचं आणि म्हणताना दात काढायचं.

आजचा डाव रेणुकेला पुरता कळला होता. पुतळा जळला की तिच्या बांगड्या फुटणार. बांगड्या फुटल्या की ज्वारीची रास व्हायच्या आत तिचा पाट लागणार, गुरप्पाच्या विधुर भावाशी, नौबादला. पाट जातीत चालतो, त्यात वाईट काही नाही. जिला लावायचा तिनं खुशाल लावावा. रेणुकेला कुणी विचारलं नव्हतं. आणि ती नौबादला गेली की बंडेप्पाच्या वाट्याची ओढ्याकाठची काळी जमीन अप्पारावाच्या जमिनीला जाऊन मिळणार. मधला बांध नांगरला की काम झालं. हा गुरप्पा जातीचा पंच. ओसरीवर घोंगडी अंथरून पान चघळत बसला होता. त्याच्या भावाला बायको, अप्पारावाला जमीन, आणि याला हे लोक सुतक म्हणत होते.

"ऊठ रेणुके," अप्पाराव म्हणाला. "परसात बायका थांबल्यात."

"कशाला?"

"कशाला म्हंजे? बांगड्या काय पुरुषानं फोडायच्या?"

"आधी पत्र वाचा."

"वाचलंय की बीदरला. मुन्शीजींनी वाचलंय. इचार त्यास्नी."

"सगळं वाचलंय?"

अप्पाराव घुटमळला. एवढंसंच, पण रेणुकेनं ते टिपलं.

"पयलीच वळ आयकली आन् माझ्या पायातलं बळ गेलं. पुढचं आयकायची ताकद हुती व्हय मला?"

"तुमची न्हवती. माझी हाय."

गुरप्पानं पानाची पिंक टाकली. "काशाप्पा, सुनंला लई बोलाया शिकवलंस बाबा."

काशाप्पा तिचा सासरा. खांबाला टेकून बसला होता, मान खाली. हा माणूस आयुष्यभर थोरल्या पोराच्या तोंडाकडं बघून हो-नाही करत आला.

मुन्शी इनायतअलीला अप्पारावानंच सोबत आणलं होतं, पंचाची खात्री पटावी म्हणून. बीदरच्या कचेरीबाहेर अर्ज लिहून देणारा, मूळचा बदायूंचा. वीस वर्षं इकडं राहून इथल्या बोलीला नाक मुरडणारा. त्यानं चष्मा पुसला आणि पहिली ओळ पुन्हा वाचली.

"'अब मेरी क़ब्र जर्मनी से लीजिए।' साफ़ लिखा है।" 'क़ब्र'मधलं काफ हे अक्षर त्यानं घशाच्या तळातनं असं खरवडून काढलं की ओसरीवरची मांजरसुद्धा उठून गेली.

अनसाबाईनं, बंडेप्पाच्या आईनं, पुन्हा हंबरडा फोडला. "माझ्या लेकराची कबर! परक्या मुलखात, ना माती ना पाणी..."

"आत्या, थांबा जरा," रेणुका म्हणाली. "मुन्शीजी, कागद किती हायत?"

"चार।"

"कबर मागणारा माणूस चार कागद लिवत बसतो व्हय? काय लिवलंय पुढं?"

मुन्शीनं अप्पारावाकडं बघितलं. अप्पारावानं पंचाकडं बघितलं.

"रेणुके, पुतळा उन्हाच्या आत न्यायचा आस्तोय," गुरप्पा म्हणाला.

"पानंच हायती. वाळतील. वाचा."

आणि मग जे कधी झालं नव्हतं ते झालं. खांबाला टेकलेला काशाप्पा मान वर न करता बोलला, "वाचा, मुन्शीजी. माझ्या पोराचं हाय. मला आयकायचंय."

पत्र दखनी उर्दूत होतं, कारण निजामाच्या शाळेत बंडेप्पाला तीच अक्षरं मिळाली. मुन्शी एकेक वाक्य वाचत होता आणि रेणुकेच्या कानात ते आपल्या बोलीत उतरत होतं.

शहराचं नाव लाइप्झिग. एका म्हाताऱ्या विधवेच्या घरी, चौथ्या मजल्यावर राहतो. खोलीत एक खिडकी, एक खाट, एक लोखंडी शेगडी. सकाळी खालनं कोळसा वर आणून देतो, म्हातारी काळी भाकर देते. भाकर आंबट आणि विटेसारखी जड. वर बटाटा. सकाळी बटाटा, सांजच्याला बटाटा, रविवारी देवाच्या नावानंही बटाटाच. एकदा राजमहेंद्रीहून आणलेली मिरची शेगडीवर भाजली, तर सगळ्या माडीवरची माणसं खोकत जिन्यात आली आणि खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यानं पोलीस बोलावला.

"आगं बया," अनसाबाई पदरानं नाक पुसत म्हणाली. "मिरचीबिगर कसं जेवायलंय माझं लेकरू!"

जेवायलंय. मेलेलं लेकरू जेवायलंय, असं तिच्या तोंडून गेलं, आणि तिचं तिलाच ते ऐकू आलं. रडणं तिथंच थांबलं.

शिकवणीत हिब्रू नावाची भाषा आहे, उजवीकडनं डावीकडं लिहायची. गोरी पोरं पहिल्याच दिवशी घाबरली. मी म्हटलं, मी तर लहानपणापासून उजवीकडनंच येतोय. प्रोफेसरांनी विचारलं, कुठल्या विद्यापीठात शिकलास? मी म्हटलं, दुबलगुंडीला, लाडलेसाब मास्तरांच्या छडीखाली. ते म्हणाले, ह्या विद्यापीठाचं नाव ऐकलं नाही.

काशाप्पाच्या मिशीखाली काहीतरी हललं.

पहिल्या रविवारी देवळाच्या दारात जोडे काढून आत गेलो. बाहेर बर्फ. आत सगळे जोडे घालून आणि टोप्या काढून बसलेले, आपल्या नेमकं उलट. माझे मोजे भिजले, दात वाजायला लागले. सगळी माणसं गाणं सोडून माझ्या पायांकडं बघायला लागली. मग शेजारच्या बाईनं आपली शाल काढली आणि काही न बोलता माझ्या पायांवर टाकली. अव्वा, मला तुझी आठवण आली.

"शाल टाकली," अनसाबाई म्हणाली. ती आता मुन्शीच्या अगदी पुढ्यात सरकली होती. "चांगली बाई हाय ती. मुन्शीजी, पुढं."

"अव्वा, काय आयकत बसलीस?" अप्पाराव उसळला. "दोन महिन्यांमागचं पत्र हाय हे! तवा जिता हुता, मग थंडीनं मेला. पयल्या वळीतच त्यानं सांगून ठिवलंय!"

"तू गप," अनसाबाई म्हणाली.

मुन्शीही रंगला होता. त्याला बदायूं सोडून वीस वर्षं झाली होती. परमुलखातनं आलेली पत्रं तो दुसऱ्यांसाठी वाचायचा, त्याला कुणी लिहीत नव्हतं.

सुटीत आम्ही सहा जण रेल्वेनं विटेनबर्गला गेलो. मार्टिन लूथरचं गाव. चारशे वर्षांमागं हा एक साधा मास्तर. पापाची माफी विकणाऱ्यांचा त्याला संताप आला, तर त्यानं बोलायच्या गोष्टी कागदावर लिहून देवळाच्या दारावर ठोकल्या. ते लाकडी दार कधीच जळालं, आता धातूचं आहे, आणि तो सगळा मजकूर त्यात ओतलाय. मी हात लावला. थंडीनं बोटं चिकटतात की काय असं वाटलं. मग आत गेलो. मला वाटलं, एवढा मोठा माणूस, आपल्या बीदरजवळच्या अष्टूरला बादशहांवर बांधलेत तसा मोठा घुमट असेल...

मुन्शी अडखळला. कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

"'मगर लूथर की ख़बर तो ज़मीन में है, एक पत्थर के नीचे। छोटीसी ख़बर। मैं उसके पास बहुत देर खड़ा रहा।'" तो वैतागला. "ये क्या लिखा है? ख़बर पत्थर के नीचे?"

"किरिस्तावाचं मंतर आसंल," गुरप्पा म्हणाला.

"पुढं वाचा," रेणुका म्हणाली. काहीतरी ओळखीचं कानावरनं गेलं होतं.

मुन्शीनं पुढं वाचलं. एक किल्ला बघितला, वार्टबुर्ग. लूथर तिथं लपून बसला आणि त्यानं देवाचं पुस्तक लोकांच्या रोजच्या बोलीत आणलं. त्यानं सैतानाला दौत फेकून मारली म्हणतात. भिंतीवरचा शाईचा डाग लोक नखानं खरवडून घरी नेतात, त्यामुळं आता डाग नाही, खड्डा आहे. मग शेवटचा कागद आला, त्यात बापाला लिहिलं होतं.

"'अप्पा, बैलों की क़ब्र ज़रूर लिखना।'" मुन्शी थांबला. "'ज्वार की क़ब्र लिखना। रेणुका की क़ब्र अव्वा से पूछ के लिखना, वो ख़ुद नहीं बताएगी।'"

"आं?" अनसाबाई म्हणाली. "माझे बैल कवा मेले?"

गोठ्यातनं त्याच वेळी एक बैल फुरफुरला. आणि रेणुका हसली. पोटातनं, मोठ्यानं, सासऱ्यासमोर, दिरासमोर, पंचासमोर. पदर तोंडाला लावायचंसुद्धा तिला सुचलं नाही.

"येडी झाली," अप्पाराव म्हणाला.

"भावजी, काजीला आपण काय म्हणताव?"

"खाजी."

"कलमेला?"

"खलम. मग?"

"आन् मढं पुरत्यात ती?"

"खबर," अप्पाराव म्हणाला आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"मढं पुरत्यात ती बी खबर, आन् सांगावा येतो ती बी खबर! आपल्या तोंडात दोन्ही एकच. लिवताना निराळं लिवायचं आसतंय, एकाला खे आन् एकाला काफ. ह्याच पायी लाडलेसाब मास्तर त्यास्नी मारायचे. हात सुजवून घरी यायचे, मी हळद लावायची. कुठला कुठं, ते त्यास्नी कवाच उमगलं न्हाई. जर्मनीला जाऊन बी उमगलं न्हाई! मुन्शीजी, उलटं करून वाचा. जिथं कबर तिथं खबर, खबर तिथं कबर."

मुन्शीनं पहिला कागद वर घेतला. "'अब मेरी ख़बर जर्मनी से लीजिए।'" मग तिसरा. "'लूथर की क़ब्र तो ज़मीन में है।' ला हौल वला क़ुव्वत!" त्यानं चष्मा काढला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "बेटी, मैंने जो लिखा था वही पढ़ा।"

"एकच वळ वाचलाव, मुन्शीजी. तेवढ्यावर माझं कुंकू पुसायला निघालाव सगळे."

अनसाबाई काशाप्पाच्या खांद्याला धरून हलवत होती. "जिता हाय! आवो, जिता हाय! बैलांची खबर इचारलीय!" काशाप्पानं मान वर केली होती आणि डोळे पुसायची त्याला लाज वाटत नव्हती.

इथं ही गोष्ट संपायला पाहिजे होती. माणसं माणसांसारखी असती तर संपली असती. पण गुरप्पानं घसा खाकरला.

"जिता आसंल. बरं झालं. पर जातीला तो मेलाय. परक्याच्या पंगतीला जेवला, परक्याचा देव घेतला. पुतळा बांधलाय, तो तसा मोडत न्हाईत."

"बरोबर," अप्पाराव लगेच म्हणाला. भाऊ जिवंत असल्याचं ऐकून त्याच्या तोंडावर जे उमटलं होतं, ते रेणुकेनं बघितलं होतं. ते तिनं पुढं जन्मभर कुणाला सांगितलं नाही, आणि विसरलीही नाही. "आपण त्याला मेलेला धरायचं. " तो बापाकडं वळला. "अप्पा, तुम्ही सांगा."

काशाप्पा पंचाकडं बघायला लागला, मग थोरल्याकडं. त्याची मान पुन्हा खाली निघाली. "अप्पाराव थोरला हाय. जातीत ऱ्हायचं तर..."

रेणुका उठली. ओसरी उतरून अंगणात गेली आणि पुतळ्यावरचं धोतर तिनं एका हिसक्यानं ओढून काढलं. पळसाची पानं अंगणभर झाली.

"हे धोतर ह्या घरातल्या जित्या माणसाचं हाय. आन् बांगड्या माझ्या हातात हायती, जातीच्या हातात न्हाईत. कुणाला फोडायच्या आसतील त्यानं फुडं यावं. हात मोडून घ्यायची तयारी ठिवून यावं."

परसाच्या दारातल्या बायका दोन पावलं मागं सरकल्या.

"आन् नौबादचं बी आयका, गुरप्पा. तुमच्या भावाला बायको पायजे तर तिला इचारून आणा. मला इचारलं न्हाई, म्हणून मी सांगायलेय. न्हाई."

"मग ऱ्हा!" अप्पाराव ओरडला. "पर किरिस्तावाच्या बायकोला ह्या घरात जागा न्हाई!"

"घरात नगं. ओढ्याकाठचं रान त्यांच्या वाट्याचं, ते मी वाहते. गोठ्याच्या कडंला वेगळी चूल मांडते."

"तू वाहणार? एकटी?"

"तीन साल तिथं कोण राबायलंय, भावजी? तुम्ही बांधावर बसून मोजायलाव तेवढंच."

परसातल्या बायकांत कुणीतरी फिसकन हसलं. ती अप्पारावाची बायको होती की आणखी कुणी, ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

रेणुका मुन्शीकडं वळली. "मुन्शीजी, कागद हाय? जबाब लिवा."

मुन्शीला आणलं होतं अप्पारावानं. परतीच्या वाटेला गाडीही अप्पारावाचीच होती. त्यानं एकदा गाडीकडं बघितलं, मग दौत उघडली. "कहो बेटी।"

"लिवा. तुमचा पुतळा बांधला हुता, मी मोडला. बैल चांगले हायती. ज्वारी यंदा बरी हाय. धर्म बदललाव तवा मला इचारलं न्हाई. त्याचा राग हाय, आन् तुम्ही समोर आल्याबिगर तो जाणार न्हाई. लूथरनं दारावर कागद ठोकला म्हणताव. तुम्ही तर घरात बायकोला सांगायला भ्यालाव."

मुन्शीचा टाक थांबला. "ये भी लिखूँ?"

"हेच आधी लिवा. शिकणं पुरं करा, अर्धं टाकून येऊ नका. आल्यावर तुमचा देव तुम्ही भजा, माझा मी भजीन. ताट एकच आसंल. आन् तिकडंच ऱ्हायचं मनात आसंल तर तसं सरळ लिवा. मी रडत बसणार न्हाई."

"नाम क्या लिखूँ ऊपर?"

नवऱ्याचं नाव तिनं अकरा वर्षांत घेतलं नव्हतं. अनसाबाईनं ते सांगायला तोंड उघडलं, पण रेणुका तिच्या आधी बोलली. "बंडेप्पा," ती म्हणाली. "बंडेप्पा काशाप्पा. मोठ्या अक्षरात लिवा, त्या देशातल्या टपालवाल्याला बी दिसलं पायजे."

मग ती गोठ्याच्या कडेला गेली. तीन दगड आणले, शेणकाला केला, चूल मांडली. तुराट्या मोडून आत सारल्या. ऊन डोक्यावर आलं होतं. ओसरीवरनं सगळे बघत होते.

"चूल मांडली," गुरप्पा म्हणाला. "इस्तू कुठनं आणणार?"

त्याला ठाऊक होतं तो काय बोलतोय. वेगळी चूल पहिल्यांदा जुन्या चुलीच्या विस्तवानं पेटवायची, हे तिकडचं चालत आलेलं. विस्तू दिला म्हणजे घरानं वेगळं होणं मानलं. नाही दिला तर ती पळून आलेल्या बाईची चूल.

"ह्या घरातनं मिळायचा न्हाई," अप्पाराव म्हणाला. "आन् गावात बी कोण देतंय ते मी बघतो."

मुन्शीनं खिशातनं काडेपेटी काढली, गोठ्यापाशी जाऊन पुढं केली. "लो बेटी।"

"ठिवा, मुन्शीजी. काडी वढून पेटवायला मी पळून आलेली न्हाई."

ती चुलीपुढं बसून राहिली. थंडगार तुराट्यांपुढं, मांडी घालून. दिवसभर बसायची तिची तयारी होती, दोन दिवस बसायची होती. अप्पारावाला ते दिसत होतं, म्हणून तोही ओसरीवरनं हलला नाही.

माजघरात भांडं आपटल्याचा आवाज झाला. मग अनसाबाई बाहेर आली. हातात फुटक्या घागरीचं खापर, खापरावर लालभडक निखारे. ती ओसरीवरनं चालली, पंचाच्या घोंगडीवर पाय देऊन.

"अव्वा!" अप्पाराव आडवा झाला. "कुठं चाललीस? माघारी फिर!"

"सरक. भाजशील."

"आमच्या चुलीचा इस्तू हाय तो!"

"तुमच्या?" अनसाबाई थांबली. "तुझा बाप त्या चुलीफुडं कवा बसला न्हाई, तू बसला न्हाईस. तीस साल राख मी वडायलेय. चूल माझी हाय, आन् इस्तू बी माझाच. मी कुणाला बी देईन."

अप्पारावानं बापाकडं बघितलं. काशाप्पा म्हणाला, "जाऊ दे तिला," आणि पळसाची पानं गोळा करायला अंगणात उतरला. गुरं खातील, असं काहीतरी पुटपुटत.

अनसाबाईनं निखारे तुराट्यांखाली सरकवले आणि सुनेसमोर बसकण मारली.

"फुंक," ती म्हणाली. "आन् पीठ मळ. मी हितंच जेवणार हाय."